छाटी, कफनी की नुसतीच ‘भगवी वस्त्रे’?

गोदाकाठ: नाशिकच्या येत्या सिंहस्थासाठी एका इंग्रजी माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. त्यात सिटी बसमध्ये, बाजारात, बँकेत वावरणाऱ्या साधूंच्या अंगावर ‘रोब’ आहेत. मी छाटी लिहिलं, तपासणाऱ्यांनी झगा केलं. झगा लहान मुलीचा असतो! काय लिहावं?

जुना_पंचवटीकर: छाटीच. पण ती न शिवलेली, म्हणून नेसतात किंवा पांघरतात, ‘घालत’ नाहीत. कफनी शिवलेली असते, ती घालतात. वर्तमानपत्रांनी सरसकट ‘परिधान’ करून हा फरक मारून टाकलाय.

मेनरोड: कपड्यांतच तो उरलाय कुठे? परवा पंचवटी कारंजावर एक स्वामी बसमध्ये चढले. खाली भगवी लुंगी, वर त्याच कापडाची शिवलेली बंडी, तिला आतून मोबाइलपुरता खिसा, खांद्यावर उपरणं. ही छाटी की कफनी?

शमी: कफनी नकोच. अरबी कफनवरून आलेला शब्द. संन्याशाला प्रेताचं वस्त्र कशाला? काषाय म्हणा.

आडगाव_नाका: अहो, संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध करतो! कफनी त्याला शोभतेच. आणि शिर्डी इथून किती लांब? साईबाबांच्या पांढऱ्या कफनीला काषाय म्हणाल?

जुना_पंचवटीकर: काषाय हा रंग झाला, भगवाही रंगच. गेरूत, म्हणजे आपल्या कावेत, बुडवलेलं कापड. छाटी मात्र संस्कृत शाटीवरून आली असावी, म्हणजे साडीची सख्खी बहीण. असं माझं मत.

मेनरोड: रंगावरून आठवलं. ‘भगवी वस्त्रे’ तर नाशकात चुकीचंच ठरेल. शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात. इथे रामकुंडावर असतात निर्मोही, निर्वाणी, दिगंबर या वैष्णव अनी (आखाड्यांचे गट), आणि त्या बैराग्यांत पांढरं नेसणारे पुष्कळ. सिंहस्थात साधुग्रामला एक चक्कर मारलीत तरी दिसेल.

गोदाकाठ: हे महत्त्वाचं. मग बैरागी स्वतः काय म्हणतात?

आडगाव_नाका: कमरेला गुंडाळतात तो अंचला.

शमी: ते हिंदी झालं. मराठी पुस्तिकेत मराठीच हवं.

आडगाव_नाका: आखाडा, महंत, शाही स्नान चालतं आणि अंचलाच खटकतो?

शमी: ते शब्द रुळलेत. नवे का घ्यायचे?

जुना_पंचवटीकर: शाही फारसी आहे, त्याचंही आधी ठरवा.