मदत हवी आहे: आईला फॅब्री आजार, वय 54

मामाला फॅब्री (एक एन्झाइम कमी पडून पेशींत चरबी साचत जाणारा आनुवंशिक आजार) आहे, डायलिसिसवर. आईची (फोंडा) एन्झाइम तपासणी नॉर्मल आली म्हणून आम्ही निर्धास्त होतो. बायकांमध्ये ती नॉर्मल येऊनही आजार असू शकतो हे नंतर कळलं. जनुक तपासणीत ते एन्झाइम बनवणाऱ्या जीएलए जनुकात दोष निघालाच. क्रिएटिनिन ठीक, लघवीत प्रथिनं नाहीत. इकोत मात्र हृदयाची भिंत किंचित जाड, आणि ती बीपीमुळे म्हणावी तर बीपीचा त्रास कधीच नव्हता. तळपायांची आग लहानपणापासून. आजी ‘उष्णता’ म्हणून कोकमाचं सरबत पाजायची! हृदयाचा एमआरआय व्हायचाय, औषध अजून सुरू नाही. ‘ती फक्त वाहक आहे’ (म्हणजे दोष पुढे देते, तिला स्वतःला आजार नाही) हे उत्तर कृपया नको. तुमच्या आई-मावशीला हा आजार असेल तर पन्नाशीनंतर आधी काय बिघडलं, हृदय की किडनी? आणि कमी पडणाऱ्या एन्झाइमचं सलाइन कुठल्या टप्प्यावर सुरू केलं?