विषय: एप्रिलपासून नोकरी – शाळा घेऊ की एइकाइवा?

प्रेषक: अ. (नाशिक)

नमस्कार मंडळी,

या मेल-यादीवर नवीन आहे. टोकियोच्या निशिकासाईतल्या मावसभावाने माझं नाव घातलं. एम.ए. इंग्रजी, सध्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे पगार कधी होईल ते देवाला माहीत. एप्रिलपासून जपानमध्ये दोन नोकऱ्या मिळतायत. एक गुन्मामधल्या प्राथमिक शाळांत एएलटी म्हणजे सहायक भाषा-शिक्षक म्हणून, शाळांना माणसं पुरवणाऱ्या एका डिस्पॅच कंपनीमार्फत. दुसरी टोकियोत किन्शिचोजवळच्या खासगी इंग्रजी क्लासमध्ये, ज्याला तिकडे एइकाइवा म्हणतात. पैसे जवळपास सारखेच.

आई विचारते, रात्री किती वाजता घरी येशील. मला विचारायचंय, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येतं. शाकाहारी आहे, पीत नाही, पण चार माणसांत बसायला आवडतं. कोणी दोन्हीकडे काम केलंय का?

अ.

प्रेषक: स. (आधी गुन्मा, आता सैतामा)

अ.,

इथे इंग्रजी शिकवणाऱ्या बाईची संध्याकाळ तिच्या स्वभावापेक्षा ड्यूटी कधी सुटते आणि घरी कशाने जायचं, यावर ठरते. मी शाळेतलं सांगते.

सव्वाआठला शाळेत. बाहेरचे बूट काढून आतले घालायचे. तिसरी-चौथीला इंग्रजी नुसती 'अॅक्टिव्हिटी' असते, पाचवी-सहावीला २०२० पासून रीतसर विषय झालाय. वर्गशिक्षक पुढे, तू बाजूला. आता डिजिटल पुस्तकातूनही उच्चार वाजतात, त्यामुळे काही दिवस असे जातात की आपण कशाला आलोय असं वाटतं. तास नसला तरी टेबलावर बसून राहायचं. जेवण मुलांबरोबर वर्गात. पांढरे एप्रन आणि टोप्या घालून मुलंच वाढतात, नंतर मुलंच वर्ग झाडतात. आपल्याकडच्या पालकांना हे सांगून बघ एकदा! शाकाहारी असलीस तर डबा न्यायची परवानगी आधीच मागून ठेव. सुपात आणि भाजीतही माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतोच, दिसत नाही एवढंच.

सव्वाचारला तू मोकळी. बाकीचे शिक्षक सात-आठपर्यंत तिथेच असतात. "ओसाकी नी शित्सुरेइ शिमासु" (माफ करा, तुमच्या आधी निघते) म्हणत वाकून बाहेर पडताना सुरुवातीला अपराधी वाटतं, मग सवय होते. बाहेर डिसेंबरात पाचच्या आधी अंधार, वर गुन्माचा कोरडा बोचरा वारा, आणि स्टेशन लांब. सगळं जग गाडीवर चालतं.

आता रात्रीचं. गावात इझाकाया, म्हणजे खाण्यापिण्याचे अड्डे, असतात, कराओके असतं, आणि 'स्नॅक' असतात. स्नॅक म्हणजे काउंटरपलीकडे एक वयस्कर 'मामा', समोर पाच-सहा खुर्च्या, बाटलीवर नेहमीच्या गिऱ्हाइकाचं नाव. पहिल्यांदा एकटीने जाऊ नकोस, सहकाऱ्याबरोबर जा. पण तिथे गाडी घेऊन गेलीस तर प्यायचं अजिबात नाही. २००७ पासून पिऊन चालवणाऱ्याबरोबर शेजारी बसणाऱ्यालाही शिक्षा आहे, आणि त्याला दारू देणाऱ्यालाही. म्हणून गावोगावी 'दाइको' असते. फोन केला की एका गाडीत दोघं येतात. एक जण तुमची गाडी तुम्हाला बसवून घरी नेतो, दुसरा मागून आपल्या गाडीत येतो आणि पहिल्याला परत घेऊन जातो. त्यामुळे न पिणारी माणसं स्टाफरूमला फार प्रिय. अशा माणसाला 'हँडल-कीपर' म्हणतात, आणि रात्री साडेअकराला गणिताच्या सरांना त्यांच्या दाराशी सोडण्याचं काम त्याच्याकडे येतं.

डिसेंबरातली बोनेनकाई, म्हणजे वर्षअखेरची पार्टी, मात्र चुकवू नकोस. सबंध वर्ष तुझ्याशी हवामानापलीकडे न बोललेले उपमुख्याध्यापक त्या रात्री माइक हातात घेतात, हिमालयाबद्दल विचारतात, मुलीच्या लग्नाची काळजी सांगतात. सोमवारी पुन्हा तेच: मान लववून "ओहायो गोझाइमासु" (सुप्रभात), पुढे काही नाही. मला आधी वाईट वाटायचं. आता वाटतं की ती रात्र त्यासाठीच राखलेली असते आणि सोमवारी तिची आठवण काढणं हाच उद्धटपणा. जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या कान्जीला आठवडाभर आधी शाकाहाराचं सांग. आयत्या वेळी सांगितलंस तर एदामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा) आणि फ्रेंच फ्राइजवर रात्र काढशील. वर्गणी सगळ्यांना सारखीच, पाचेक हजार येन. तू उलाँग चहा प्यायलीस म्हणून कमी होत नाही.

स.

प्रेषक: म. (एइकाइवा, टोकियो)

स. ताईंनी शाळेची बाजू छान मांडली. आता आमची, म्हणजे उलट्या घड्याळाची.

आमची ड्यूटी दुपारी एक ते रात्री नऊ. शाळेतल्यांची मोकळी संध्याकाळ ही आमच्या धंद्याची वेळ. चार-पाचला लहान मुलं, मग कॉलेजची, आठला ऑफिसातून थेट येणारा माणूस. तो अर्धा तास झोपेशी झगडतो आणि जाताना मनापासून धन्यवाद देतो. शनिवार-रविवार सगळ्यात गर्दी, सुट्टी सोमवार-मंगळवार. ट्रायल लेसननंतर पालकांना कोर्स आणि पुस्तकं 'समजावून' सांगावी लागतात. विक्री म्हणायचं नाही, पण तीच ती.

नऊला सुटल्यावर शहर जागं असतं, ही मजा खरी. पण टोकियोच्या गाड्या रात्रभर चालत नाहीत. बारा-साडेबाराच्या सुमारास शेवटची, पहाटे पाचच्या आसपास पहिली. म्हणून साडेअकराला प्रत्येक टेबलावर फोन निघतात आणि माणसं दोन गटांत वाटली जातात, निघणारी आणि राहणारी. राहणारे कराओकेत पहाट करतात, नाहीतर मांगा कॅफेत, म्हणजे रात्रभर उघड्या कॉमिक्सच्या कॅफेत, पाय पसरतात. टॅक्सीला रात्री दहा ते पाच २० टक्के जास्त. दिवसाचंही भाडं काही कमी नाही. क्लबचं म्हणशील तर २०१६ च्या जूनपर्यंत मध्यरात्रीनंतर नाचायला कायद्यानेच बंदी होती, नंतर परवाना घेऊन पहाटेपर्यंत चालवता येऊ लागले. दारात वय बघतात. इथे प्रौढ १८ व्या वर्षी होतात, पण दारू २० ला. रेसिडेन्स कार्ड कायम जवळ ठेव, बाहेर ते मागायचा पोलिसांना अधिकार आहे.

दोन गोष्टी खासच. शिबुयात रस्त्यावर उभं राहून पिणं ऑक्टोबर २०२४ पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच बंद आहे, बारमाही. आणि सायकल. नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. तू पीत नाहीस, पण सोबतच्यांना सांग. सायकल हातात धरून चालत न्यायची.

इझाकायात बसल्याबरोबर न मागता एक वाटी येते, ती ओतोशी. तिचे तीनचारशे येन बिलात लागतात. त्यात बहुधा मासा असतो. परत पाठवण्यावरून वाद घालू नकोस, बसायचं भाडं समज.

आणि एक विचारायचं राहिलं, खरं तर हे सगळ्यात आधी हवं. तुझं माध्यम कुठलं? शाळेच्या नोकरीला 'इन्स्ट्रक्टर' व्हिसा लागतो. इंग्रजी शिकवायचं असेल तर बारा वर्षं इंग्रजीतून शिक्षण झाल्याचा पुरावा त्याला मागतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, म्हणून ते दार मला बंद होतं. एइकाइवाचा व्हिसा वेगळा, 'स्पेशालिस्ट इन ह्युमॅनिटीज' या लांबलचक नावाचा. तो पदवीवर मिळाला.

म.

प्रेषक: निशिकासाईचे काका

मुली, या दोघी रात्रीचं सांगतायत, मी कागदाचं सांगतो.

कॉन्ट्रॅक्टमध्ये आठवड्याचे तास बघ. तिथे २९.५ लिहिलेलं दिसलं की शाकाई होकेनचं, म्हणजे आरोग्य आणि पेन्शनच्या विम्याचं, स्पष्ट विचार. काही कंपन्या तास तेवढेच ठेवायच्या ते हा विमा टाळायच्याच हिशोबाने. शाळांच्या सुट्टीत, ऑगस्टमध्ये आणि मार्चअखेर, पगार पूर्ण की कापून, तेही लेखी घे. पहिल्या वर्षी हातात बरे पैसे उरतात आणि माणूस खुशीत असतो. पुढच्या जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, मागच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. तो बाजूला काढून ठेव.

मोठं नाव म्हणजे सुरक्षित, असं समजू नकोस. त्या वेळची सर्वांत मोठी एइकाइवा कंपनी नोव्हा २००७ च्या ऑक्टोबरात कोसळली आणि हजारो शिक्षक पगाराविना, काही तर राहत्या घराविना परदेशात अडकले. तेव्हा घर शक्यतो कंपनीच्या नावावर नको.

शाळेत भारतीय चालतो का, ही शंका मनात आणू नकोस. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकीतल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

काबुकिचो किंवा किन्शिचोसारख्या बारच्या वस्तीत रस्त्यावर कोणी "या, स्वस्तात बसा" म्हणून मागे लागला तर त्याच्यामागे कधीही जायचं नाही. कितीही गोड बोलू दे. बाकी हे शहर रात्री एकट्या बाईला आपल्या कुठल्याही शहरापेक्षा सोपं आहे. शुक्रवारच्या शेवटच्या गाडीतली चेंगराचेंगरी मात्र टाळ, एक गाडी आधीची धर.

– काका

प्रेषक: अ. (नाशिक)

सगळ्यांचे आभार, पण म. ताईंच्या मेलने झोप उडवली. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमातच, आठवीपासून सेमी-इंग्रजी. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून. अकरावी ते एम.ए. सगळं इंग्रजीत. हे कसं मोजतात?

अ.

प्रेषक: निशिकासाईचे काका

अकरावी ते एम.ए. सात वर्षं. सेमीची सगळी धरली तरी दहा. बारा होत नाहीत. आजच कंपनीला लेखी विचार. व्हिसाआधी लागणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीला एक ते तीन महिने जातात आणि शाळा एप्रिलमध्ये कोणासाठी थांबत नाही. "बघू, होऊन जाईल" असं फोनवर म्हणाले तर ते उत्तर धरू नकोस.

– काका

प्रेषक: अ. (नाशिक)

कंपनीचं उत्तर आलं: "दुर्दैवाने या वर्षी शक्य नाही." मुलाखतीच्या दोन फेऱ्या घेताना माध्यम विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. असो. किन्शिचोला आज होकार कळवला.

स. ताई, ते उपमुख्याध्यापक आणि हँडल-कीपर ऐकून खरं तर मन गुन्माकडेच झुकलं होतं.

आता एकच. तिथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम बघितले, सगळे शनिवारी नाहीतर रविवारी, आणि मी त्या वेळी लहान मुलांना रंगांची नावं शिकवत असणार. सोमवारी सुट्टी असलेलं यादीवर आणखी कोणी आहे का?

अ.

प्रेषक: म. (एइकाइवा, टोकियो)

मी आहे. आणि योकोहामातले एक हॉटेलवाले दादा. तिसरी तू. सोमवारी दुपारी निशिकासाईच्या किराणा दुकानात पोहे-रवा भरायला जातो, तिथेच ये.

म.