मदत हवी आहे: रीफ टँकमधलं केसाळ शेवाळ हटेना
नमस्कार मंडळी. माझा २०० लिटरचा रीफ टँक (कोरल असलेला खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँक) १४ महिन्यांचा आहे. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा आणि थोडे सॉफ्ट कोरल. दोन महिन्यांपासून दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलंय. टूथब्रशने घासून सायफनने ओढून काढते, आठवड्यात पुन्हा बोटभर वाढतं. काल पाहिलं तर झोअँथिडची (एक सॉफ्ट कोरल) अख्खी कॉलनी मिटलेली आणि मधून शेवाळाचे तंतू वर आलेले. जीव कासावीस झाला.

शेवाळाचं खाद्य म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट: नायट्रेट ५ पीपीएम, फॉस्फेट ०.०२. आकडे छान आहेत, पण माझा विश्वास बसत नाही. शेवाळच फॉस्फेट शोषून घेत असणार. पाण्यात मात्र चूक सापडली: घरच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ४० निघाला. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळतात, हे मला फार उशिरा कळलं. आता डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून शून्यावर आणलाय. लाइट १० वरून ७ तासांवर.

फॉस्फेट आधीच कमी दिसत असताना जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) टाकावा का? एकदम शून्य झालं तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट तपकिरी थर) येतील, कोरल उपाशी राहतील, अशी धास्ती वाटते. की सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) कीटोमॉर्फा हे पोषकद्रव्यं शोषणारं शेवाळ लावून धीर धरू? शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी किती घ्याव्यात? आहेत त्या दोन लांब तंतूंना तोंडही लावत नाहीत. ज्यांनी यातून टँक बाहेर काढलाय त्यांनी कृपया सांगा, किती आठवडे लागले?