रविवारच्या ब्रिजवरून ग्रुपवर झालेली चर्चा (विश्रामबाग, सांगली)

बी-३०४: काका, काल बोली लावताना मी 'चार इस्पिक' बोललो तर तुम्ही कपाळाला हात लावलात. इस्पिकं पाच, त्यात एक्का-राजा, वर बदामचा एक्का. एवढ्यावर बोलायचं नाही तर कधी ओ?

ए-१०२ काका: बोलायचं की. पण एक इस्पिक. पॉइंट मोज बघू. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १.

बी-३०४: १३. चौकट राणी धरून.

ए-१०२ काका: सगळ्या पत्त्यांत मिळून ४०, म्हणजे माणशी सरासरी १०. १२-१३ आले की बोली उघडायची, आणि इस्पिक-बदाम उघडायचं तर त्या रंगाची पाच पानं हवीत. इथवर तुझं चोख. पण 'चार' म्हणजे सहा अधिक चार, दहा हात करतो म्हणून सांगून बसलास. पार्टनरकडे काय आहे माहीत होतं?

सी-२०१ वहिनी: मला बोलायला जागाच ठेवली नाही त्यानं 😄 माझ्याकडे ८ होते. इस्पिक राणीसकट तीन पानं, बदाम राजा, किलवर राजा.

ए-१०२ काका: वहिनी, मग तुम्ही 'दोन इस्पिक' म्हणायचं. तीन इस्पिकं आणि ६ ते ९ पॉइंट हा त्याचा अर्थ. १० ते १२ असते तर 'तीन'. मग यानं बेरीज करायची. १३ आणि फार तर ९, झाले २२. गेमला २५-२६ लागतात. पास! आठ हात केले की ६० गुण पदरात.

बी-३०४: काल आठच झाले.

ए-१०२ काका: म्हणूनच दोन डाऊन, म्हणजे बोललास त्यापेक्षा दोन हात कमी.

बी-१०१: हे गेमचं काय असतं?

ए-१०२ काका: १०० गुण. पहिले सहा हात सोडून इस्पिक-बदामला पुढच्या दर हाताला ३०, म्हणून चार बोलायचं. किलवर-चौकटला २०, म्हणून पाच. नो ट्रंपला, म्हणजे हुकूम न ठेवता खेळलं तर, सहानंतरचा पहिला हात ४०, पुढचे ३०, तिथं तीनच पुरतात. म्हणून किलवर-चौकट जुळली तरी आधी तीन नो ट्रंप होतंय का बघायचं. अकरा हातांपेक्षा नऊ बरे.



बी-१०१: आमच्या तीनशेचार नावाच्या पत्त्यांच्या खेळात बरं, जास्त बोलेल त्याचा हुकूम.

ए-१०२ काका: चढाओढ इथंही आहेच. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो ट्रंप अशी चढण. मागच्या बोलीच्या वरच बोलायचं, बोलीनंतर ओळीनं तीन पास पडले की संपलं. पण माझ्या मते ब्रिजची खरी गंमत पानं टाकण्यात नाही, बोलीत आहे. पार्टनरला हळूहळू आपली पानं कळवायची. एकदम चारवर उडी मारली की मधल्या सगळ्या बोली वाया.

सी-२०१ वहिनी: थोडं डोळ्यांनी खुणावलं तर?

ए-१०२ काका: अजिबात नाही! तुमच्या बोलीचा ठरलेला अर्थ समोरच्यांनी विचारला तर सांगावा लागतो. मोठ्या स्पर्धांत पार्टनर एकमेकांना दिसू नयेत म्हणून टेबलावर तिरका पडदा असतो, आणि तोंडानं न बोलता बोलीची कार्डं ठेवतात.

बी-१०१: आमच्या वयात जमेल का हे?

ए-१०२ काका: २०१८ च्या एशियाडला प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या जोडीत सुवर्ण आणलं. बर्धन तेव्हा ६० चे होते. तुम्ही अजून पन्नाशीतच की.

ए-१०२ काका: पुढच्या रविवारी 'एक नो ट्रंप' ही बोली बघू. चारही रंग सारखे वाटून आलेले आणि १५ ते १७ पॉइंट.

बी-३०४: आणि १८ आले तर?

ए-१०२ काका: येऊ देत आधी.