ग्रंथालयातून घेतलेले ई-पुस्तक कोबो रीडरवर उघडत नाही. अक्षरेही बदलायची आहेत

प्रश्न

नमस्कार. एका डिजिटल ग्रंथालयातून मी पुस्तक वाचायला घेतले, तेव्हा पुस्तकाऐवजी जेमतेम काही केबींची, 'एसीएसएम' प्रकारची फाइल उतरली. ती केबलने कोबो रीडरमध्ये, म्हणजे माझ्या ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणात, टाकूनही पुस्तक यादीत दिसत नाही. शिवाय दृष्टी अधू होत चालल्यामुळे मला जरा जाड, मोकळी देवनागरी अक्षरे हवी आहेत. केओरीडर हे ई-पुस्तके वाचण्याचे मुक्त सॉफ्टवेअर बसवल्यास दोन्ही अडचणी सुटतील का?

उत्तर १

तुमच्याकडे उतरली ती पुस्तक मिळवण्याची केवळ चिठ्ठी आहे. संगणकावर अडोबी डिजिटल एडिशन्स हे सॉफ्टवेअर बसवून आपल्या अडोबी आयडीने ते अधिकृत करावे आणि ही चिठ्ठी त्यात उघडावी, म्हणजे खरी ईपब किंवा पीडीएफ फाइल उतरेल. त्यानंतर रीडर जोडून तोही त्याच आयडीने अधिकृत करावा आणि पुस्तक त्या सॉफ्टवेअरमधूनच रीडरवर पाठवावे. रीडर अधिकृत न करता फाइल नुसती कॉपी केली, तर तिचे डिजिटल कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारे संरक्षण, उघडत नाही. तुमचे ग्रंथालय ओव्हरड्राइव्ह या ग्रंथालयांना ई-पुस्तके पुरवणाऱ्या सेवेशी जोडलेले असेल, तर आधी रीडरच्या सेटिंग्जमध्ये ओव्हरड्राइव्हची सोय आहे का ते पाहावे, कारण मग संगणकाची गरजच उरत नाही.

उत्तर २

केओरीडर मला मनापासून आवडते. स्कॅन केलेल्या पीडीएफचे समास कापण्यासाठी तर त्याला तोड नाही. मात्र कुलूपबंद पुस्तके ते उघडत नाही, त्यामुळे ग्रंथालयाची पुस्तके कोबोच्या मूळ वाचन-सॉफ्टवेअरमध्येच वाचावी लागतील. कुलूप तोडण्याचे मार्ग सुचवले जातात, पण मुदतीच्या अटीवर मिळालेल्या पुस्तकाशी तसे वागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अक्षरांसाठी पुस्तकाच्या फाइलला हात लावण्याची गरजच नाही. रीडर संगणकाला जोडल्यावर त्याच्या मुख्य जागेत, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही फोल्डरच्या आत नव्हे, 'फॉन्ट्स' नावाचे फोल्डर इंग्रजी अक्षरांत तयार करून त्यात टीटीएफ किंवा ओटीएफ फाइली ठेवाव्यात. रीडर सुटा केल्यावर ते फॉन्ट वाचनाच्या यादीत दिसू लागतात. ई-शाईच्या पडद्यावर बारीक रेषा फिकट भासतात, म्हणून तुमच्यासाठी 'मुक्ता' या फॉन्टची मीडियम जाडी योग्य ठरेल. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श पाहण्याची सवय असेल, तर 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट घ्यावा. तो अधिक देखणा आहे, पण त्याच्या रेषा नाजूक असल्याने आकार वाढवावा लागेल.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पुस्तक उघडले आणि 'मुक्ता'ही बसला. पुस्तक मुदतीआधी वाचून झाले, तर काही करावे लागते का?

उत्तर १

मुदत संपताच पुस्तक आपोआप बंद होते. तरीही ते आधीच परत करावे, कारण बहुतेक ग्रंथालये एक प्रत एका वेळी एकाच वाचकाला देतात आणि मागे कोणीतरी रांगेत असते. ज्या संगणकावर पुस्तक उतरवले, तेथील अडोबी डिजिटल एडिशन्समध्ये पुस्तकावर माउसची उजवी कळ दाबल्यावर परत करण्याचा पर्याय मिळतो.