मदत हवी आहे: आंदालुसियाची स्पॅनिश कानात बसत नाही
दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, सेव्हिल शहरात एका सत्रासाठी शिक्षण, स्पॅनिश बी१ (मध्यम) पातळीची. वाचन-लेखन ठीक, पण समोरचा बोलला की निम्मं निसटतं. कारण कळतंय: इथे शब्दाअखेरचा ‘स’ विरून नुसता हकार उरतो, कधी तोही नाही. ‘लास कासास’चं (घरं) ‘लाह कासाह’. शिवाय दोन स्वरांमधला ‘द’ही गळतो: ‘कान्सादो’चं (थकलेला) ‘कान्साओ’. खरी पंचाईत क्रियापदांची. ‘तिएनेस’ (तुझ्याकडे आहे) आणि ‘तिएने’ (त्याच्याकडे आहे) सारखेच ऐकू येतात, त्यात कर्ता बहुधा गाळलेला! मग ओळखायचं कशावरून?

सध्याचा सराव: स्थानिक रेडिओचा ३० सेकंदांचा तुकडा तीनदा ऐकून लिहायचा, चौथ्यांदा सोबत म्हणायचा. वेग कमी करणं टाळलंय, त्याने खऱ्या बोलण्याची सवय लागत नाही.

आणि इंतरकांबिओत (एकमेकांची भाषा शिकण्यासाठीच्या गप्पांत) बोलताना आपणही ‘स’ गाळावा, की स्पष्टच ठेवावा?