उत्तर: पंप बदलण्याआधी हे बघा

विमानाची चाकं वर पोटात गेल्यावर ती ओढणारा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचा) पंप दर दोन-तीन मिनिटांनी आपोआप चालू होतो, म्हणून तो बदलायचा का, असं विचारताय. पण मला पंपावर शंका नाही. चाकं वर धरायला कुलूप नसून नुसता दाबच असेल, तर दाब कुठेतरी झिरपतोय. उंचावर तेल गार होऊन आकसतं, तेव्हा पंप एखाद्या वेळी सुरू होणारच. सारखा मात्र नाही.

विमान जॅकवर घ्या, चाकं वर करा, हायड्रॉलिक तेलाच्या टाकीतल्या पातळीवर खूण करा. बाहेर थेंब नाही, पातळीही तशीच? मग गळती आतली, म्हणजे तेल सिस्टिममध्येच झिरपून टाकीत परत येतंय. आधी आणीबाणीचा व्हॉल्व्ह (पंप बंद पडला तर दाब सोडून चाकं खाली पाडणारा) खोलून बघा. माझ्याकडे त्याच्या बैठकीवर केसाएवढा धातूचा कीस निघाला, आणि मी उगाच चाकं ओढणारे तिन्ही सिलिंडर खोलून बसलो होतो!

आणि लाल खनिज तेलाच्या सिस्टिममध्ये गाडीचं ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका, ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) फुगतात.